सातव्या गाडीचा पंप

१

घरगाडी बघायला निघताना कंडक्टरबाईंच्या पिशवीत चार वस्तू असायच्या. वही, बॅटरी, साबणाच्या पाण्याची बाटली आणि तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा जुना चिमटा. पहिल्या तिन्हींना काम होतं. चौथ्याला काही नव्हतं. पण बावीस वर्षं जो चिमटा हातात घेतल्याशिवाय गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही, तो निवृत्त झाल्या म्हणून घरी कसा ठेवणार?

घरगाडी हा शब्द त्यांच्या नवऱ्याचा. लोक मोटरहोम म्हणतात. मागे पलंग, मध्ये शेगडी आणि छोटी मोरी, पोटात पाण्याची टाकी, आणि पुढे ड्रायव्हरची सीट. नवरा त्याच बसवर ड्रायव्हर होते जिच्यावर बाई कंडक्टर. आधी ड्युटी जुळली, मग मनं जुळली. गेल्या वर्षी नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. डाव्या हातातला जोर गेला, आणि त्याच्याबरोबर बोलणंही आटलं. वर्षभर ते खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्त्यावरून जाणाऱ्या बस बघत बसले. जेवायला हाक मारली तर उठायचे, नाही मारली तर नाही.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी हात तपासला, गाडी चालवून बघायला लावली आणि कागदावर सही केली. त्या दिवशी ड्रायव्हरसाहेब वर्षातलं पहिलं लांब वाक्य बोलले. "तीस वर्षं मी थांबा आला की थांबलो. आता मला वाटेल तिथं थांबायचंय."

म्हणून गाड्या बघणं सुरू झालं. सहा गाड्या बघितल्या आणि सहाही बाईंनी नापास केल्या. सहावीच्या वेळी परत येताना साहेब रिक्षात एवढंच म्हणाले, "आणखी एक बघू. ती नाही जमली तर राहू दे. खुर्ची आहेच."

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले.

२

सातवी गाडी एका चष्मेवाल्याची होती. आठ वर्षं तो आणि त्याची बायको गावोगाव जाऊन लोकांचे डोळे तपासत, आणि याच गाडीत राहत. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून दुकानावरच्या दोन खोल्यांत स्थिरावले होते. गाडी घरामागच्या फरसबंद अंगणात उभी होती, पांढरी, निळ्या पट्ट्याची, अंघोळ घातल्यासारखी.

"बघा हवी तेवढी," चष्मेवाले म्हणाले. "माझा धंदाच बघण्याचा आहे, मला राग येत नाही."

बाईंनी धाकट्या भावाला फोन लावला. भाऊ फिटर होता. पहिल्या गाडीपासून सगळी तपासणी त्याच्याच शिकवणीने चालली होती.

"ताई, टायरची नक्षी बघू नकोस, साल बघ. कडेवर कोरलेलं असतं. माणसाचं वय केस रंगवून लपतं, टायरचं नाही."

साल ठीक होतं. बाई वाकून गाडीखाली गेल्या, बॅटरी मारली. गंज होता, पण वरवरचा. नखाने खरवडला तर खाली लोखंड घट्ट. छताच्या सांध्यांवर बोट फिरवलं. आत येऊन खिडक्यांचे कोपरे अंगठ्याने दाबले. भिंत मऊ लागली तर आत पाणी मुरलंय. एकही कोपरा मऊ नव्हता. कपाटं उघडून वास घेतला.

"अत्तर-बित्तर मारलंय का?" भावाने विचारलं.

"नाही रे. बंद लाकडाचा वास येतोय."

"मग ठीक. सुवास आला की समजायचं ओल झाकलीय."

गॅसच्या नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. साहेब पुढे ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. त्यांनी चाक धरलं नव्हतं, नुसते हात मांडीवर ठेवले होते. पण पाठ ताठ होती. वर्षभरात बाईंनी ती पाठ तशी पाहिली नव्हती.

"आता पंप," भाऊ म्हणाला.

पंपाची परीक्षा सोपी असते. टाकीतलं पाणी नळाला चढवायला छोटा पंप असतो. नळ उघडला की तो घुरघुरतो, बंद केला की गप्प होतो. सगळे नळ बंद करून पाच मिनिटं थांबायचं. पंप पुन्हा वाजला तर पाणी कुठूनतरी जातंय.

बाईंनी नळ उघडला. घुर्रर्र. बंद केला. गप्प. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि घड्याळाकडे बघत राहिल्या.

एक मिनिट. दोन.

तिसऱ्या मिनिटाला गाडी किंचित हलली. दाराच्या बाजूला जराशी खचली आणि सावरली. घरगाडीच्या पायरीवर कुणी पाय दिला की ती अशीच खचते. आत बसलेल्याला न बघता कळतं. चष्मेवाले चढले असतील म्हणून बाईंनी मान वळवली. दार उघडं होतं. पायरीवर ऊन पडलं होतं. चष्मेवाले अंगणाच्या पार टोकाला पाठमोरे उभे राहून कुंडीतली वाळकी पानं खुडत होते.

चौथ्या मिनिटाला पंप वाजला. घुर्रर्र. एक पेला भरायला लागेल तेवढा वेळ. मग गप्प.

३

"गळती," बाई फोनवर म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच उतरलेला वाटला.

"परत?" भाऊ म्हणाला. "ताई, सात गाड्या बघितल्यास तू, आणि सातही गळक्या? गाडी घेतेयस की सोयरीक जुळवतेयस? गळकी तूच आहेस की काय गं!"

"थट्टा नको. सांग काय करू."

"प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेव. दहा मिनिटांनी बघ."

बाईंनी वहीची पानं फाडून मोरीखाली, टाकीखाली, शेगडीमागे ठेवली. त्या दहा मिनिटांत पंप आणखी एकदा वाजला. कागद उचलले तर सगळे कोरडे ठणठणीत. पाणी गेलं होतं, पण खाली सांडलं नव्हतं.

मांडणीत सहा पेले उपडे ठेवलेले होते. बाईंनी उगाच एकेकाला हात लावला. पाच कोरडे होते. सहाव्याच्या कडेला पाण्याचा थेंब होता, आणि पेला गार होता.

नळ बघताना मीच पेला घेतला असेल, त्यांनी मनाला सांगितलं. वयाची साठी आली, माणूस विसरतं. मग त्यांनी वही उघडली. प्रत्येक गाडीला एक पान होतं. पहिलीची भिंत कुजलेली. दुसरीचा सांगाडा वाकलेला. तिसरीचे टायर म्हातारे. चौथी, पाचवी, सहावीत तशी काहीच खोट नव्हती. पण सहाही पानांच्या शेवटची ओळ, त्यांच्याच अक्षरातली, एकच होती. पंप आपोआप वाजतो.

सहा वेगळ्या गाड्या, सहा वेगळे मालक. एक तर गॅरेजातून तासापूर्वी धुऊन आणलेली.

बाई दारात आल्या. "अहो चष्मेवाले, हा पंप असाच मधेच वाजतो का?"

"आमच्याकडे?" त्यांनी पानं खाली टाकली. "आठ वर्षं आम्ही त्याच्या उशाला झोपलो, बाई. कधीच नाही. माझ्या बायकोची झोप मांजराच्या पावलाने मोडते." ते आत येऊन उभे राहिले, कान देऊन. पंप गप्प होता. "बघा. साधू झालाय."

ते खाली उतरले, गाडी हलकी झाली. आणि लगेच, जणू त्यांच्या जाण्याचीच वाट बघत असल्यासारखा, पंप घुरघुरला.

आजवर त्यांना वाटत होतं की गाड्यांत खोट आहे. खोट गाड्यांबरोबर येत नव्हती. ती त्यांच्याबरोबर येत होती.

४

"चालवून बघतो," साहेब पुढून म्हणाले.

"वजनकाट्यावरच नेऊन आणा," चष्मेवाल्यांनी एक चिठ्ठी दिली. "मी गेल्या आठवड्यात रिकामी गाडी तोलून घेतलीय, टाकी भरून. तीन हजार एकशे ऐंशी किलो. लोक कमी वजन सांगून फसवतात, आपल्याला ते नको."

साहेबांनी इंजिन चालू केलं. गियर टाकला. आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं? हात दुखतोय?"

"नाही." ते जरा लाजले. "बेल कुठंय?"

बाईंना हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. तीस वर्षांत डबल बेल ऐकल्याशिवाय या माणसाने गाडी जागची हलवली नव्हती. त्यांनी पिशवीतून चिमटा काढला आणि दाराजवळच्या स्टीलच्या दांडीवर आपटला. टण टण. गाडी हळूच, गर्भारणीला नेतात तशी, रस्त्याला लागली.

साहेब छान चालवत होते. वळणावर डावा हात चाकावर नीट बसत होता. ते शिट्टी वाजवायला लागले. पण बाईंचं लक्ष पाठीमागे होतं. मागे दोन बाकं होती, मध्ये टेबल. मोकळं बाक कसं दिसतं ते बाईंना ठाऊक होतं. जन्म त्यात गेला. उजवीकडच्या बाकाची गादी मोकळ्या गादीसारखी दिसत नव्हती. मध्ये दबली होती. खड्डा आला की डावीकडची गादी उसळायची. उजवीकडची नाही.

जुनी गादी आहे, बसली असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. समजूत घातली खरी, पण ती गळ्याखाली उतरेना.

वजनकाटा शहराबाहेर होता. जमिनीत बसवलेला लोखंडी पाट, बाजूला काटेवाल्याची खोली, खोलीच्या भिंतीला एक नळ, आणि वर मोठ्या पाटीवर लाल आकडे. गाडी पाटावर उभी केली, दोघं खाली उतरले.

तीन हजार दोनशे तीस.

"पन्नास जास्त," साहेब म्हणाले.

"आपण उतरलोय ना?" बाईंनी विचारलं, आणि विचारताक्षणी त्यांना आठवलं. हाच प्रश्न त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता.

तेव्हा असंच भर दुपारचं ऊन होतं. अर्ध्या वाटेवरच्या थांब्यावर एक म्हातारी बाटली भरायला नळावर गेली. हडकुळी, एकटी, शेवटच्या थांब्याचं तिकीट घडी करून घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचलेलं. गाडी सुटताना कंडक्टरबाईंनी माणसं मोजली. एकेचाळीस हवी होती, एकेचाळीस भरली. टण टण. अकरा किलोमीटर गेल्यावर लक्षात आलं. त्यांनी घाईत स्वतःलाही मोजलं होतं. नव्या कंडक्टरला पहिल्या दिवशी शिकवतात, ड्रायव्हर आणि कंडक्टर मोजायचे नसतात. त्यांच्या तिसऱ्या वर्षी त्यांच्याकडून ते घडलं. साहेबांनी नियम मोडून गाडी परत फिरवली. थांब्यावर नळ वाहत होता. खाली बाटली, भरून वाहणारी. म्हातारी नव्हती. मागच्या गाडीने गेली असेल, सगळे म्हणाले. कुणी तक्रार केली नाही, कुणी शोधत आलं नाही. बाईंनीही तसंच म्हटलं. एकोणीस वर्षं म्हणत आल्या.

५

काटेवाला खोलीतून बाहेर आला. "माझा काटा चुकत नाही हां, बाई. परवाच तपासून शिक्का मारलाय. गाडीत काही राहिलंय का बघा."

"काही नाही राहिलं," साहेब म्हणाले. "चल, निघू. पन्नास किलोनं काय आभाळ कोसळत नाही. टेबल-बिबल असेल." ते पुढे जाऊन सीटवर बसले, काचेतून काटेवाल्याला म्हणाले, "आमच्या कंडक्टरला डोकी मोजायची सवय आहे, वजनं नाही," आणि मोठ्याने हसले. तसं हसताना बाईंनी त्यांना वर्षभरात ऐकलं नव्हतं.

बाई मधल्या दारापाशी खाली उभ्या होत्या. मनात एकच चाललं होतं. नाही म्हणावं. खुर्चीत बसलेला नवरा परवडला, पण हे घरात नको. नाही म्हणावं आणि रिक्षा करून घरी जावं.

तेवढ्यात गाडी हलकी झाली. पायरी वर उचलली गेली, अगदी बोटभर. बाईंनी मान वर करून पाटीकडे पाहिलं. साहेब बसल्यावर आकडा तीन हजार तीनशेवर गेला होता. आता तीन हजार दोनशे पन्नास झाला.

पन्नास किलो खाली उतरले होते.

भिंतीचा नळ सुटला. काटेवाला खोलीत परतला होता. नळापाशी कुणी नव्हतं. पाण्याची धार सिमेंटवर पडत होती, आणि मध्येच तुटत होती. ओंजळ धरल्यावर तुटते तशी.

"कंडक्टर!" पुढून हाक आली. इंजिन चालू होतं. "चढ ना. बेल दे."

बाईंच्या हातात चिमटा होता. समोर मोकळी पायरी. चढायचं, दार ओढायचं, दोनदा टण टण करायचं. साहेब मागे वळूनही बघणार नाहीत. बेल मिळाल्यावर त्यांनी कधी बघितलं नाही. जे खाली उतरलंय ते इथंच राहील. पंप वाजणार नाही. गादी उसळेल. पेले कोरडे राहतील. आणि नवऱ्याला त्याचं चाक मिळेल. यात वाईट काय होतं?

पाणी वाहत होतं.

भीती होती, नाही असं नाही. पण भीतीच्या खाली, एकोणीस वर्षं दाबून ठेवलेली एक गोष्ट होती, आणि ती भीतीपेक्षा जुनी होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "एक मिनिट."

"कशासाठी?"

"थांबा म्हणते ना."

त्या पायरीवर चढल्या नाहीत. गर्दीच्या थांब्यावर करायच्या तशा दाराच्या कडेला सरकल्या, पाठ गाडीला टेकवली, आणि वाट मोकळी ठेवली.

नळ बंद झाला. कुणीतरी नीट, शेवटचा थेंब गळेपर्यंत, पिळून बंद केला.

तिथून गाडीपर्यंत पंधरा पावलं असतील. बाईंना एकही ऐकू आलं नाही. फक्त शेजारून ओल्या सुती कपड्याचा वास गेला. दार उघडून बाहेर वळलेलं होतं, त्याच्या काचेत दाराची स्टीलची दांडी दिसत होती. त्यांनी दांडीकडे बघायचं धाडस केलं नाही. काचेकडे बघितलं.

काचेत दांडीवर एक हात होता. हडकुळा, शिरा वर आलेला, पाण्याने निथळणारा. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ, आणि पट्ट्याखाली घडी केलेला कागदाचा कपटा.

पायरी खचली. हात काचेतून वर सरकला, दिसेनासा झाला. पाटीवर आकडा बदलला. तीन हजार तीनशे.

तिकीट असं खोचणारी माणसं बाईंनी हजार पाहिली होती. ती तीच होती, असं त्या आजही शपथेवर सांगणार नाहीत.

त्या चढल्या. चढताना दांडी धरली. ती ओली होती. त्यांनी दार ओढलं, मागे वळल्या आणि बाकांवरून नजर फिरवली. ड्रायव्हर मोजायचा नाही. कंडक्टर मोजायचा नाही.

"एक," त्या हळूच म्हणाल्या.

टण टण.

६

चष्मेवाल्यांच्या अंगणात गाडी परत आली तेव्हा ते आणि त्यांची बायको दोघंही दारात उभे होते. चष्मेवाल्यांनी आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग बाईंच्या. दोन्हीकडे वेगळं काहीतरी लिहिलेलं असावं, कारण ते जरा घुटमळले.

"मग? गळती सापडली?"

"गळती नाही," बाई म्हणाल्या. "गाडी धड आहे. आम्ही घेतली."

फोनवर भाऊ ओरडलाच. "घेतलीस? आणि पंप?"

"पंपाचं मी बघते."

"ताई, तू बरी आहेस ना?"

"अरे, कित्येक वर्षांत नव्हते इतकी बरी आहे," बाई म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांना कळलं की ते खरं आहे. छातीवरचा एक दगड, जो आहे हेच त्या विसरल्या होत्या, बाजूला झाला होता. भीती अजून होती. पण ती आता मागे उजवीकडच्या बाकावर मुकाट बसली होती, तिकीट काढलेल्या माणसासारखी.

साहेब अजून सीटवरच होते. खाली उतरायचं नाव नव्हतं. डाव्या हाताने ते आतला आरसा नीट करत होते, मागचं बाक दिसेल असा. बराच वेळ त्यांनी आरशात पाहिलं. काय दिसलं की काहीच नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

"पहिल्यांदा कुठं जायचं?" त्यांनी विचारलं. "मनात येईल तिथं थांबायचं ठरलंय आपलं."

"आपला जुना रूट घ्या," बाई म्हणाल्या. "शेवटच्या थांब्यापर्यंत."

"तिथं काय आहे आता?"

"काही नाही. एका सीटला उतरायचंय."

मागे, सगळे नळ बंद असताना, पंप पेलाभर घुरघुरला आणि थांबला. साहेबांनी आरशावरची नजर काढली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि बाईंकडे वळले.

"मग टाकी काठोकाठ भरून घे," ते म्हणाले. "लांबचा रस्ता आहे, आणि ऊन फार."